फॅमिली रूम, एक जादा गादी

बाथरूममधले तिन्ही नळ मी एकदम सोडले आणि पाठीमागे हात बांधून उभा राहिलो. खोली दाखवायला आलेला मॅनेजर दारात अवघडला होता.

"काका, पाणी चोवीस तास असतं आपल्याकडे."

"ते सगळेच सांगतात," मी म्हणालो.

शॉवरची धार जरासुद्धा बारीक झाली नाही. गरम पाणी लगेच आलं. फरशीवर सांडलेलं पाणी जाळीकडे सरळ वाहत गेलं, कुठे तुंबलं नाही. माझी पंचाईत झाली. माझा सगळा जन्म पाणीपुरवठा खात्यात गेला. माणसांची पारख मला कधी जमली नाही, पण नळ सोडला की मागची पाइपलाइन कशी आहे ते कळतं. या बाथरूमला नाव ठेवायला जागाच नव्हती, आणि मी तर नाव ठेवायलाच आलो होतो.

बाहेर पलंगावर बसून गणोरकर गादी दाबून बघत होते. गणोरकर म्हणजे आमच्या लेआउटमधले माझे शेजारी, बँकेतून निवृत्त झालेले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी स्कूटर चालवणं सोडलं. तेव्हापासून कुठे जायचं असलं की मी त्यांच्या मागे बसत असे.

"भाऊ, आपण खोली पाहाले आलो का नळ दुरुस्त कराले?" ते म्हणाले. "गादी तं एक नंबर आहे. मलेच झोप येऊन राहिली."

"कोण कोण येणार आहेत, काका?" मॅनेजरनं विचारलं.

"मुलगी, जावई आणि दोन नातवंडं. सिंगापूरहून येताहेत. दोन दिवस नागपूर आणि मग ताडोबा."

"काही काळजी करू नका. ताडोबाला जाणारी गाडीसुद्धा इथूनच लावून देऊ. तुम्ही कुठून आलात?"

"इथूनच. मागच्या लेआउटमधून."

"पायी आलं तं दहा मिनिटं," गणोरकरांनी कुणी न विचारता माहिती पुरवली.

मॅनेजरनं माझ्याकडे नवलानं बघितलं. जिना उतरताना गणोरकर म्हणाले, "आता पोरीले काय सांगता? हे तं चांगलं निघालं."

"समोर लग्नाचं लॉन आहे. बँड वाजेल, मुलांना झोप लागणार नाही."

"ते लॉन बंद पडून जमाना झाला न, भाऊ!"

"पाटी तर आहे अजून," मी म्हणालो.

हे सगळं झालं त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा माझा नातू मिहिर तीन वर्षांचा होता. आता तो फोनवर माझ्याशी अशा घोगऱ्या आवाजात बोलतो की पहिल्यांदा मला जावईच वाटतात.

मृदुलाचा फोन दिवाळीच्या आधी आला होता.

"बाबा, डिसेंबरात येतोय आम्ही. ताडोबाचं बुकिंग झालं, मोहर्लीच्या गेटजवळ रिसॉर्ट मिळालं. तन्वीला वाघ बघायचाय. त्याआधी दोन दिवस नागपूर."

मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. "या, या. तुम्ही चौघं आतल्या खोलीत झोपा. मी आपला समोर, दिवाणावर..."

"बाबा, ऐका ना. एखादं हॉटेल बघून ठेवाल का? फॅमिली रूम असेल असं. तुम्ही स्वतः जाऊन बघितलंत तर बरं, इंटरनेटवर काय, सगळेच फोटो छान असतात."

"हॉटेल?"

"मुलं लहान आहेत. आणि तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास कसला त्यात?"

"बाबा, प्लीज."

त्या 'प्लीज'नंतर मी बरं म्हणून फोन ठेवला. लेकीला स्वतःच्या घरी उतर म्हणून बापानं किती विनवायचं, असं वाटून मला आधी राग आला. राग ओसरल्यावर मात्र फार उदास वाटलं. त्या संध्याकाळी मी कुकर लावला नाही, ब्रेड दुधात बुडवून खाल्ला आणि टीव्ही नुसताच लावून ठेवला.

त्याच्या तीन वर्षं आधी माझी बायको, कुमुद, गेली होती. मृदुलाच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी ती सिंगापूरला निघाली होती. व्हिसा आला होता, बॅग भरली होती, डिंकाचे लाडू डब्यात घातले होते. एका सकाळी ओट्याशी उभी असतानाच ती खाली बसली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मृदुलाचे दिवस भरत आलेले. डॉक्टरांनी तिला विमानात बसायला साफ मनाई केली. मी फोनवर सांगितलं आणि तिनं फोनवर ऐकलं, एवढंच काय ते झालं. मग मिहिर झाला. पुढे एकदा मीच तिकडे जाऊन आलो. पंधराव्या मजल्यावर राहिलो, सगळ्यांनी माझी बडदास्त ठेवली. पण मृदुला इकडे आली नाही. दर वर्षी काहीतरी निघायचं.

कुमुद असताना मृदुला आली की दारात एक कार्यक्रम ठरलेला असे. टॅक्सी फाटकाशी थांबली की कुमुद आतून ओरडायची, "तिथेच थांब गं!" मग भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यायची, लेकीवरून उतरवून तुकडा अंगणात टाकायची, तिच्या डोळ्यांना पाणी लावायची आणि मग आत घ्यायची. मी म्हणायचो, "अगं, आत तर येऊ दे तिला, टॅक्सीवाला बघतोय." त्यावर ती म्हणायची, "बघू दे. त्याच्या आईनंही केलं असेल."

माझ्या वाट्याला तुकडाबिकडा नव्हता. मी ऑफिसातून आलो की बेल वाजवायची. चिमणीसारखी चिवचिवणारी ती बेल कुमुदनंच पसंत केलेली, मला ती मुळीच आवडत नसे. कुमुद दार उघडायची आणि विचारायची, "आलात?" समोर अख्खा माणूस उभा आहे आणि ही विचारते, आलात! मी म्हणायचो, "नाही, अजून वाटेत आहे." मृदुला लहान असताना आमच्या दोघांच्या मधून डोकं काढून खिदळायची. इतकी वर्षं तोच प्रश्न आणि तेच उत्तर, पण आम्हाला त्याचा कंटाळा आला नाही.

तर मृदुलाला आमचं घर आता नकोसं झालंय, अशी माझी समजूत झाली. पंधराव्या मजल्यावर राहणारी माणसं ती. आपल्या बाथरूममधल्या टवका उडालेल्या फरशा, हात घालून ढवळावं लागणारं बादलीतलं गरम पाणी, आणि भारतीय बैठकीचा संडास. त्यात आमचे जावई शैलेशराव, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मी चंग बांधला. फरशा बदलल्या, नवा गीझर बसवला, कमोड बसवला. मिस्त्र्याच्या डोक्यावर बसून पाइपला उतार कसा द्यायचा ते दाखवलं. मृदुलाला मात्र यातलं काहीच सांगितलं नाही. मला तिनं आपणहून म्हणायला हवं होतं, बाबा, घरीच उतरतो.

तिनं तसं म्हणावं म्हणून मी एक युक्ती काढली. तिनं सांगितल्याप्रमाणे एकेक हॉटेल बघायचं आणि प्रत्येकात काहीतरी खोट काढायची. सगळी बाद झाली की उरणार काय? घर! दुसऱ्या हॉटेलच्या खाली सावजीचं भोजनालय होतं. मी कळवलं, तिखटाच्या ठसक्यानं मुलांना खोकला होईल. तिसऱ्याची लिफ्ट एवढीशी, त्यात शैलेशराव आणि त्यांची बॅग एका वेळी मावणार नाहीत. चौथ्या ठिकाणी खरोखरच काही सापडेना, तेव्हा मी लिहिलं की पडद्यांचा रंग फार गडद आहे.

ते वाचून गणोरकरांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला.

"भाऊ, एक बोलू का? राग नका मानू."

"बोला."

"तुमाले हॉटेल पाहाचंच नाही आहे. सरळ म्हणा न पोरीले, घरी ये म्हणून."

"म्हणालो एकदा."

"मंग दुसऱ्यांदा म्हणा! वाघ पाहाले एवढ्या दुरून येऊन राहिली, अन् बापानं दोनदा म्हणाले काय जाते?"

"ती नको म्हणाली तर?"

गणोरकर स्कूटरला किक मारून म्हणाले, "बसा."

त्याच दिवशी दुपारी मृदुलाचा फोन आला. आवाज थकलेला होता.

"बाबा, राहू द्या आता. नका फिरू उन्हातान्हात. नागपुरात काही चांगलं मिळत नाहीये तर आम्ही विमानतळावरून सरळ ताडोबालाच जातो. तिकडेच दोन दिवस वाढवून घेते. परत येतानाही थेट विमानतळ. तुम्ही या ना तिकडे, तुमच्यासाठीही खोली घेते."

मी हॉटेलं कापत बसलो होतो आणि तिनं नागपूरच कापून टाकलं. लेक गावाला वळसा घालून वाघाकडे जाणार, आणि ते माझ्या शहाणपणामुळे.

"अगं, थांब थांब!" मी म्हणालो. "सापडलंय ना! आजच सापडलं. पिंपळछाया म्हणून आहे. तुला त्या लॉनचं म्हणालो होतो ना, तेच. लॉन बंद पडलंय. पाणी इतकं छान आहे गं, तिन्ही नळ एकदम सोडले तरी धार हलत नाही."

पलीकडे ती हसली. किती दिवसांनी तिचं हसू ऐकलं. "नळ सोडून बघितलेत?"

"मग!"

"घ्या तर तेच. आणि बाबा, फॅमिली रूममध्ये एक जादा गादी सांगा. तुम्ही दोन्ही दिवस आमच्याबरोबर तिथेच राहायचं. आणि मग ताडोबालाही आमच्याच गाडीत."

मी संध्याकाळी एकटाच पायी जाऊन खोली पक्की केली. मॅनेजरनं विचारलं, "चार आणि एक जादा गादी?" मी हो म्हणालो. परत आल्यावर नव्या बाथरूममध्ये जाऊन गीझर चालू करून बघितला. पाणी कडक तापलं. मी बटन बंद करून बाहेर आलो. लेक येणार होती, माझ्याजवळ राहणार होती, फक्त माझ्या घरात नव्हे. जे मिळतंय ते घ्यावं, असं मनाला समजावत होतो, पण मन ऐकत नव्हतं.

ती आली त्या दिवशी विमानतळावर मिहिरनं मला ओळखलं नाही. फोनच्या पडद्यातला आजोबा एवढा उंच असेल अशी त्याची कल्पना नसावी. तन्वीनं मात्र लगेच माझा हात धरला आणि ताडोबात काय काय दिसतं ते मलाच समजावून सांगायला सुरुवात केली. मृदुलाच्या कानाशी दोन पांढरे केस दिसले. ती वाकली, मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तेवढ्यात शैलेशरावांनी टॅक्सी आल्याचं सांगितलं. येताना आमच्या लेआउटचं वळण लागलं तेव्हा ती दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघत होती.

पिंपळछायात मी बगलेत माझी छोटी बॅग धरून काउंटरशी उभा राहिलो. बॅगेत दोन जोड कपडे, मफलर आणि बीपीच्या गोळ्या. रिसेप्शनवर एक तरुण मुलगी होती. तिनं सगळ्यांचे पासपोर्ट बघितले, मग माझं आधार कार्ड हातात घेतलं आणि थबकली.

"काका, हे नागपूरचं आहे."

"हो. मी नागपूरचाच आहे."

"सॉरी काका, लोकल आयडी चालत नाही आमच्याकडे. गावातल्या माणसाला खोली देत नाही आम्ही."

"अहो, खोली आमच्या नावावर आहे," शैलेशराव म्हणाले. "हे माझे सासरे आहेत. एका गादीचे पैसेसुद्धा भरलेत."

"बरोबर आहे सर, पण मुक्कामाला नाही चालणार. दिवसभर बसा तुम्ही सोबत, काही हरकत नाही. झोपायला मात्र..."

मॅनेजर आला. त्यानं मला ओळखलं. "काका, तुम्ही जादा गादी स्वतःसाठी सांगताय हे मला कळलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. मालकांचा नियम आहे. सगळ्यांसाठी आहे, माझ्या हातात नाही हो."

शैलेशरावांचा आवाज चढायला लागला. मला कसंनुसं झालं. सगळी लॉबी आमच्याकडे बघत होती. ज्या गावाला मी जन्मभर पाणी पाजलं त्या गावात मला टेकायला एक गादी नव्हती, कारण काय तर माझं इथे घर आहे! मी हसलो. दुसरं काय करणार?

"जाऊ द्या, शैलेशराव. नियम तो नियम. मी आपला सकाळी येतो चहाला."

"आजोबा, तुमचं घर कुठे आहे?" तन्वीनं विचारलं.

"इथेच, मागे."

"घरी कोण आहे?"

"कुणी नाही. मीच."

"मग तुम्ही एकटे झोपणार? आणि आपण इथे?"

मी तिच्या गालाला हात लावला. मृदुला इतका वेळ पासपोर्ट पर्समध्ये ठेवत होती. तिनं पर्स बंद केली आणि माझ्या बगलेतली बॅग काढून घेतली.

"तुम्ही सगळे वर जा," ती शैलेशरावांना म्हणाली. "मी बाबांना सोडून येते."

उन्हं उतरली होती. हवेत गारठा होता. रस्त्याच्या कडेला संत्र्यांच्या गाड्या लागल्या होत्या आणि मृदुला बॅग घेऊन माझ्या चालीनं हळूहळू चालत होती.

"रागावलात ना माझ्यावर?"

"छे."

"बाबा."

"राग नाही गं," मी म्हणालो. "आता तुम्हाला हे घर गैरसोयीचं होणारच. पण मी सगळं नवीन करून घेतलंय. कमोड बसवलाय. गीझर आहे. म्हटलं, शैलेशरावांचा गुडघा..."

ती रस्त्यातच थांबली. "तुम्हाला वाटलं, मी कमोडसाठी घरी येत नाहीये?"

"मग कशासाठी?"

ती संत्र्यांच्या गाडीकडे बघत राहिली. गाडीवाल्याला वाटलं गिऱ्हाईक आलं, त्यानं दोन संत्री पुढे केली. तिनं मान हलवली.

"मी आईला गेलेलं बघितलंच नाही, बाबा. तुम्ही फोनवर सांगितलंत तेवढंच. मला तिकडे अजून वाटतं, ती घरात ओट्याशी काहीतरी करतेय. मी आत गेले की ती नसेल. मी जात नाही तोवर..."

तिनं बॅग दुसऱ्या हातात घेतली.

"तोवर ती आहे," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. मला भडभडून आलं. इतके दिवस मी फरशा बदलत बसलो होतो.

"फाटकातूनच परत जा," मी तिला म्हणालो. "आत येऊ नकोस. खरंच. मी काही वाईट वाटून घेणार नाही."

फाटकाशी आलो तेव्हा ती थांबली नाही. माझ्यामागून व्हरांड्याच्या पायऱ्या चढली आणि तिथे एकदम उभी राहिली.

"हे काय?"

"काय?"

"कुलूप."

मी खिशातून किल्ली काढत होतो. "कुलूपच आहे. जाताना लावून गेलो होतो."

"आपल्या दाराला बाहेरून कुलूप मी कधी बघितलंच नाही," ती म्हणाली. "शाळेतून आले, कॉलेजातून आले, सिंगापूरहून आले. कधीच नाही."

"तेव्हा आत कोणीतरी असायचं ना."

संधिप्रकाशात मला किल्लीचं भोक दिसेना. मी चाचपडत होतो. ती माझ्या हाताकडे बघत होती.

"रोज हे असंच?"

"असंच म्हणजे?"

"तुम्ही बाहेरून येता, कुलूप काढता, आणि आत कोणीच नसतं."

"सवय झालीय आता."

"खरं सांगा."

"नाही झाली," मी म्हणालो. "भाजी आणायला गेलो तरी यायला मुद्दाम उशीर करतो. बागेतल्या बाकावर बसतो. कुलूप काढायचं जिवावर येतं."

तिनं बॅग माझ्याकडे दिली आणि माझ्या हातातून किल्ली घेतली. कुलूप काढलं, कडी सरकवली, दार ढकललं. आत अंधार होता. उंबऱ्यावर ती क्षणभर उभी राहिली, मग आत गेली. मी मागोमाग पाऊल टाकलं तर तिनं माझ्या तोंडावर दार लावून घेतलं आणि आतून कडी घातली.

मी व्हरांड्यात उभा. हातात बॅग. शेजारच्या गच्चीवरून गणोरकर वाकून बघत होते.

"काय भाऊ, तिकून बी काढलं अन् इकून बी काढलं का?"

"गप्प बसा हो जरा."

आत दिवा लागला. मग तिचं रडणं ऐकू आलं, लहान मुलासारखं, मोकळं. मी दारावर हात ठेवला, पण थाप मारली नाही. तीन वर्षं त्या घरात मी एकटाच रडलो होतो. आता त्यात दुसऱ्या कुणाचा तरी आवाज मिसळला होता, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मग नळ सुटला. आवाजावरून कळलं, स्वयंपाकघरातला. भांडं खडखडलं. पाठोपाठ ती फोनवर बोलायला लागली, नाक ओढत. "शैलेश, सामान उघडू नका. मुलांना घेऊन इकडे या. हो, घरी. नाही, आता लगेच."

पावलं दाराजवळ आली.

"बाबा, बेल वाजवा."

"दार उघड आधी."

"आधी बेल."

खिशात किल्ली असणारा माणूस स्वतःच्या घराची बेल कशाला वाजवेल? तीन वर्षांत माझं बोट त्या बटनाला लागलं नव्हतं. मी बॅग खाली ठेवली आणि बटन दाबलं. आत ती चिमणी चिवचिवली.

कडी निघाली. दारात मृदुला उभी होती, डोळे लाल, केस विस्कटलेले. एका हातात कुमुदचा तांब्या होता. घरात भाकरी कुठली? दुसऱ्या हातात माझ्या डब्यातल्या ब्रेडचा तुकडा होता. तिनं तो माझ्यावरून उतरवला आणि माझ्या खांद्यावरून अंगणात टाकला. मग बोटं पाण्यात बुडवून माझ्या डोळ्यांना लावली. पाणी गार होतं.

"आलात?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो, "अजून वाटेत..." पुढचं तिला पाठ होतं. ती दारातून बाजूला झाली, मी चपला काढल्या आणि आत गेलो.